डॉक्टरची चिठ्ठी आणि गाडीचा प्लग

स्मरणिकेसाठी यंदा वैद्यकाबाहेरच्या विषयावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाला स्पार्क प्लग कोणता निवडावा, हा विषय मी कळवला तेव्हा दोघा-तिघांनी तो हसण्यावारी नेला. परंतु मी हा विषय पूर्ण गांभीर्याने घेतला आहे. आपल्या मंडळातील निदान अर्धा डझन सदस्यांच्या पडवीत वडिलोपार्जित वाहने उभी आहेत. ती ज्या रीतीने बिघडतात, आणि त्याहून ज्या रीतीने 'दुरुस्त' होतात, ती पाहिल्यावर आपल्या व्यवसायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. प्लगची निवड हा निदानाचा प्रश्न आहे. खरेदीचा प्रश्न त्यानंतरचा. दुकानात जाऊन 'तुमच्याकडचा सर्वांत भारी प्लग द्या' असे म्हणणे आणि औषधाच्या दुकानात 'सर्वांत जालीम गोळी द्या' असे म्हणणे, या दोहोंत मला काडीचाही फरक दिसत नाही.

गाडी आणि तिचे कूळ

धारगळच्या आमच्या घरी १९५७ सालच्या बनावटीची एम.जी.ए. १५०० ही दोन आसनांची उघडी गाडी आहे. खनिजाच्या निर्यातीने पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात गोव्यात पैसा खेळू लागला आणि शेजारच्या भारतात दुर्मीळ असलेल्या परदेशी गाड्या मुरगावच्या बंदरात उतरू लागल्या. त्यांतलीच ही एक. मुक्तीनंतर काही वर्षांनी ती एका खाणव्यावसायिकाच्या घरातून माझ्या वडिलांकडे आली. स्पोर्ट्स गाडीतून विर्नोडा, ओझरी, हसापूर, चांदेलपर्यंत रुग्ण तपासण्यास जाणारे डॉक्टर हे त्या काळी लोकांच्या कौतुकाचा आणि थोड्या थट्टेचाही विषय होते.

एम.जी.ए. हे मॉडेल इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात बनले. एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य निर्यात झाल्या. आमच्या गाडीचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, दोन एस.यू. कार्बोरेटरांचे आहे. बी.एम.सी. कंपनीची ही 'बी' मालिका. वाचकांना ती अनोळखी वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या हिंदुस्थान ॲम्बेसिडरच्या पोटात अनेक वर्षे याच मालिकेचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. नात्याने ही दोन इंजिने सख्खी भावंडे.

आणि इथेच पहिला खड्डा आहे. 'डॉक्टर, इंजिन तेच, मग ॲम्बेसिडरचाच प्लग चालेल,' असे सांगणारे मेस्त्री मला आजवर अनेक भेटले. परंतु एम.जी.ए.चे कम्प्रेशन ८.३ ला १, ॲम्बेसिडरचे त्याहून बरेच कमी. एकीला दोन कार्बोरेटर, दुसरीला एक. एक चढणीवर उड्या मारायला जन्मलेली, दुसरी सात माणसे आणि लग्नाचे सामान वाहायला. भावाला लागू पडलेला डोस बहिणीला देऊ नये, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतो. येथे तोच नियम लागू आहे.

प्लग नेमके करतो काय?

ठिणगी पाडणे हे प्लगचे काम सर्वांनाच ठाऊक असते. त्याचे दुसरे काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ते म्हणजे स्वतःच्या टोकाची उष्णता योग्य वेगाने सिलिंडर हेडकडे पोहोचवणे. प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तरच त्यावर साचणारी काजळी आपोआप जळून जाते. ते ८५०-९०० अंशांच्या पलीकडे गेले, तर ठिणगीची वाट न पाहता लाल झालेले टोकच मिश्रण पेटवते आणि मग पिस्टनची धडगत नसते. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा म्हणजे प्लगचे आरोग्य.

हा पट्टा साधण्यासाठी प्लगच्या आतील चिनीमातीचे नाक लांब किंवा आखूड करतात. नाक लांब असले की उष्णतेला बाहेर पडायला दूरचा रस्ता पडतो, टोक तापलेले राहते. हा 'गरम' प्लग. नाक आखूड असले की उष्णता चटकन निघून जाते. हा 'थंड' प्लग. सावकाश, थांबत-थांबत चालणाऱ्या इंजिनाला गरम प्लग मानवतो. सतत वेगाने पळणाऱ्याला थंड. 'थंड प्लग लावला की इंजिन थंड राहते' हा समज मात्र निखालस खोटा आहे. थर्मामीटर बदलल्याने ताप उतरत नाही.

गरम-थंडपणाच्या अंकांनी तर आणखीच गोंधळ माजवला आहे. जपानी एन.जी.के. कंपनीच्या प्लगवर अंक जितका मोठा, तितका प्लग थंड. चॅम्पियन कंपनीत नेमके उलटे. अंक मोठा, तर प्लग गरम. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या 'मायको' या नावाने जे प्लग मिळाले, त्यांची मूळ कंपनी बॉश. तिच्या जुन्या पद्धतीत १४५, १७५, २२५ असे आकडे होते आणि मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. पुढे तिने एक-अंकी पद्धत आणली, तेव्हा १७५ चा ७ झाला, १४५ चा ८ झाला आणि अर्थ उलटला. जुन्या मेस्त्रीच्या तोंडी असलेला आकडा आणि दुकानदाराच्या खोक्यावरचा आकडा हे दोन वेगळ्या भाषांतले शब्द आहेत, हे ध्यानात न घेता केवळ 'एक नंबर वरचा द्या' म्हणणे म्हणजे मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत करणे होय.

चार प्लगांची साक्ष

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची गाडी मिसिंग करू लागली. चढणीवर धक्के देई, धुरकटे. शहरातील एका नामांकित गॅरेजमध्ये ती पाठवली. तेथे तीन महिन्यांत तीनदा प्लग बदलले गेले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा महाग. अखेर निरोप आला की रिंगा गेल्या आहेत, इंजिन उघडून बोअर करावे लागेल. त्या गाडीचे सिलिंडर आजही कारखान्यातून निघाले त्या मूळ मापाचे आहेत. एकदा बोअर केले की ते माप कायमचे गेले. शस्त्रक्रियेचा सल्ला किती सहज दिला जातो, याचे मला त्या दिवशी विशेष वाटले.

मी दुसरे मत घ्यायचे ठरवले. पेडण्याच्या बाजारात एक वयोवृद्ध मेस्त्री होते. आता ते नाहीत. त्यांनी इंजिनाला हात लावण्याआधी माझ्याकडून सारा इतिहास काढून घेतला. गाडी रोज किती चालते, किती दिवस उभी असते, चोक किती वेळ ओढावा लागतो, तेल किती जळते. मग गाडी रस्त्यावर नेऊन चांगली तापवली, भरधाव वेगात असतानाच इंजिन बंद करून ती बाजूला घेतली, आणि चारही प्लग काढून, कोणता कुठला हे चुकू न देता, वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पहिला आणि दुसरा कोरड्या काजळीने काळाकुट्ट. तिसरा आणि चौथा फिकट बिस्किटाच्या रंगाचा.

ते म्हणाले, "डॉक्टर, प्लग वाईट असते तर चारही वाईट दिसले असते. रिंगा गेल्या असत्या तर काळा रंग ओला, तेलकट असता. हे दोघे पुढच्या कार्बोरेटरवर जेवतात. त्यांना जेवण जास्त होतेय."

पुढचा कार्बोरेटर उघडला. एस.यू. कार्बोरेटरात चोक ओढला की जेट खाली सरकतो आणि पेट्रोल वाढते. चोक सोडल्यावर तो जेट वर परतायला हवा; तो मध्येच अडकत होता. साफसफाई आणि एक कमानी, एवढ्यावर रोग बरा झाला. जुनेच प्लग घासून परत बसवले आणि ते पुढे दोन वर्षे चालले.

ही हकीगत मी कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगितली नाही. तिच्यातील तर्कशुद्धता पाहावी. चारही प्लग सारखेच काळे असते, तर मिश्रण, चोक, टायमिंग किंवा चुकीचा गरम-थंडपणा यांचा विचार. एकच वेगळा असता, तर त्या सिलिंडरची झडप, रिंग, वायर. दोन-दोनची जोडी असेल, तर कार्बोरेटर. पांढरेफटक, फोड आलेले नाक म्हणजे मिश्रण अशक्त किंवा टायमिंग पुढे. आणि चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसले, तर गाडी तिथेच थांबवावी, कारण ते पिस्टनचे मांस आहे. आपण ज्याला विभेदक निदान म्हणतो ते याहून निराळे काय असते? प्लग ही इंजिनाची जीभ आहे. ती बाहेर काढायला न सांगताच औषध लिहिण्याची घाई कशासाठी?

धारगळच्या हवापाण्यात काय मानवते?

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळतो. आमच्या इंजिनाला १४ मिलिमीटर व्यासाचा, १९ मिलिमीटर लांबीच्या आट्यांचा प्लग लागतो. लांबी आधी तपासावी. आखूड प्लगची ठिणगी कोनाड्यात पडते. अतिलांब प्लगचे उघडे आटे तापतात, किंवा पिस्टनच त्यावर आदळतो. यात तडजोड नाही.

गरम-थंडपणाचा प्रमाण अंक एन.जी.के. मालिकेत ६, म्हणजे बी.पी.६ ई.एस. हा साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग. अधूनमधून बांद्यापर्यंत किंवा मोपाच्या नव्या जोडरस्त्यावर मोकळी धाव होत असेल, उन्हाळ्यात आंबोलीचा घाट चढायचा असेल, तर यात बदल करू नये. गाडी केवळ घर ते दवाखाना अशी दोन किलोमीटर चालत असेल, प्लग चारही सारखे कोरडे काळे होत असतील, आणि मिश्रण व चोक निर्दोष असल्याची खात्री झाली असेल, तरच एक पायरी गरम, म्हणजे ५ अंकाचा विचार करावा. माझ्या मते त्याहूनही उत्तम उपाय म्हणजे पंधरवड्यातून एकदा गाडी पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत पळवून आणावी. बैठ्या जीवनशैलीवर गोळी लिहिण्यापूर्वी चालायला सांगावे, तसेच हे. तेल जळणारे इंजिन लपवण्यासाठी मात्र गरम प्लग कधीही लावू नये; ती वेदनाशामक देऊन अपेंडिक्स झाकण्याची तऱ्हा झाली.

फट ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर, फिलर गेजने मोजूनच ठेवावी. आधुनिक गाड्यांची एक मिलिमीटरच्या पुढची फट पाहून कोणी ती वाढवू नये. पॉइंट आणि कॉईलवर चालणाऱ्या जुन्या प्रज्वलनाचा दाब तेवढा नसतो. चढणीवर ठिणगी हरवते.

आणखी एक बारकावा, ज्याकडे फार थोडे लक्ष देतात. या गाड्यांत मुळात बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आपल्याकडे रेडिओ किंवा अल्टरनेटर बसवताना पुष्कळांनी ते बदलून ऋण टोक सांगाड्याला जोडले, पण कॉईलच्या तारा तशाच राहिल्या. प्लगचे मधले टोक ऋण असावे लागते, कारण ते तापलेले असते आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. कॉईल उलटी राहिली, तर त्याच ठिणगीसाठी बराच अधिक दाब लागतो. धन-भू गाडीत कॉईलचे '+' टोक डेल्कोकडे, ऋण-भू गाडीत '-' टोक डेल्कोकडे, एवढे पाहिले की अनेक 'असाध्य' मिसिंग बिनखर्चात बरे होतात.

पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे गाड्या झाकूनच असतात. जूनच्या तोंडाशी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे, हाताने इंजिन फिरवावे आणि प्लग परत बसवावेत. प्लगच्या बाहेरील चिनीमातीवरची ओल आणि डेल्कोच्या टोपणातील दमटपणा पुसल्याशिवाय श्रावणातल्या सकाळी स्टार्टर मारीत बसू नये. अर्धे प्लग उगाच बदनाम होतात, ते या ओलीपायी.

नवे पेट्रोल, जुने पोट

या विषयाला आज जी निकड आली आहे ती इंधनामुळे. शिसेयुक्त पेट्रोल भारतात फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. ते योग्यच झाले. शिशाने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम डॉक्टरांना सांगायला नको. पण शिसे गेल्यापासून प्लगवरचा तो गडद तपकिरी रंगही गेला. जुन्या पुस्तकांतील रंगचित्रे हाती धरून आजचा प्लग वाचणारा फसतो. आता निरोगी प्लग पुष्कळ फिकट दिसतो.

त्यात २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल रूढ झाले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापाने हवा-पेट्रोल मिसळतो. परिणामी मिश्रण अशक्त होते आणि ज्वलनकक्ष अधिक तापतो. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते आणि नॉकिंग कमी होते, हेही न्यायाने सांगायला हवे. तरीही जुन्या गाडीत आता फिकट, जवळजवळ पांढरा प्लग दिसला, तर तो 'स्वच्छ' आहे म्हणून समाधान मानू नये. थंड प्लग लावून लक्षण झाकण्याऐवजी जेट थोडा खाली घेऊन मिश्रण सुधारावे, गरज पडल्यास सुई बदलावी आणि इथेनॉलने खराब होणाऱ्या रबरी नळ्याही तपासाव्यात.

दुर्लक्षाची किंमत किती असते, हे याच घराण्यातील एका गाडीने दाखवून दिले आहे. १९५८ मध्ये आलेली एम.जी.ए. ट्विन कॅम ही १५८८ घनसेंटिमीटरची, कम्प्रेशन ९.९ ला १. कागदावर देखणी, वेगाने अव्वल. पण तिचे पिस्टन जळू लागले. हलके पेट्रोल, जरासे पुढे गेलेले टायमिंग, किंचित अशक्त मिश्रण. यांपैकी एकही तिला सोसत नसे. कारखान्याने शेवटी कम्प्रेशन ८.३ वर आणले, पण नाव खराब झाले होते. १९६० मध्ये ती बंद पडली, तेव्हा अवघ्या २१११ गाड्या बनल्या होत्या.

महाग म्हणजे उत्तम?

इरिडियमच्या प्लगविषयी मला आकस नाही. त्याचे बारीक टोक कमी दाबातही ठिणगी देते, हे शास्त्रीय सत्य आहे. पण त्याचा मुख्य गुण म्हणजे दीर्घायुष्य, आणि वर्षाला हजार किलोमीटरही न चालणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग काय? शिवाय महाग प्लग एक घातक समाधान देतो: आता प्लगचा प्रश्न उरला नाही. बनावट मालही नामांकित आणि महाग खोक्यांतूनच अधिक येतो. ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन, योग्य अंकाचा साधा प्लग घ्यावा आणि वर्षातून दोनदा काढून पाहावा, हा माझा सल्ला आहे.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले, तिकडे येतो. आपल्या टेबलावर रोज येणाऱ्या चिठ्ठ्या आठवून पाहाव्यात. साध्या सर्दीला तिसऱ्या पिढीचे प्रतिजैविक, ते न चालल्यास त्याहून वरचे, आणि मग 'स्कॅन करून घ्या'. २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली, अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध दुकानदारांवर बंधनकारक झाले. पण कायदा नोंदवही तपासू शकतो, रुग्णाची जीभ नाही. ती आपणच पाहायची असते. त्या गॅरेजमध्ये तीनदा प्लग बदलले गेले, तेव्हा कोणी अप्रामाणिक होते असे मी मानत नाही. फक्त कोणी चार प्लग ओळीने मांडून पाहिले नाहीत. तेवढा वेळ कोणाकडे नव्हता.

धारगळात ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी मोपाच्या विमानतळाचेही. आपल्या गावातच आता प्रकृती पाहून चिकित्सा करणारे आणि यंत्रावर भरवसा ठेवणारे, दोन्ही प्रकारचे वैद्य आहेत. पद्धती कोणतीही असो, इतिहास विचारणे, निरीक्षण करणे, सर्वांत सौम्य उपाय आधी करून पाहणे आणि परिणाम पुन्हा तपासणे, या चार पायऱ्या कोणालाच चुकलेल्या नाहीत.

पेडण्याच्या त्या मेस्त्रींनी कोणाला हाताशी धरून आपली विद्या दिली नाही. कोणी शिकायलाच आले नाही, असे ते म्हणत. आपल्या मंडळातील ज्येष्ठांकडे स्टेथोस्कोप आणि बोटांच्या टोकांवर उभी राहिलेली अशीच विद्या आहे. तरुण डॉक्टरांनी ती मागून घ्यावी आणि ज्येष्ठांनी ती सढळ हाताने द्यावी, एवढे मागण्यासाठी मी प्लगचा आडमार्ग धरला. येत्या रविवारी ज्यांच्या पडवीत जुनी गाडी आहे त्यांनी प्लगपाना घेऊन चारही प्लग काढावेत, ओळीने मांडावेत आणि घरातील एखाद्या मुलाला जवळ बसवून ते वाचायला शिकवावेत. आणि सोमवारी दवाखान्यात पहिला रुग्ण आला, की लेखणी उघडण्याआधी त्याला म्हणावे, "जीभ दाखवा पाहू."